अंगठ्याचा चुना

मी वलवणचा. धरणाच्या अलीकडे आमचं घर आहे आणि पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी आम्हाला स्वतःच्या गावात रस्ता ओलांडता येत नाही. पुण्या-मुंबईच्या गाड्या वाटेल तिथे उभ्या राहतात. लोक आमच्या कुंपणाला लघवी करतात, खाऊन झालेली कणसं अंगणात फेकतात आणि हटकलं की विचारतात, "रस्ता तुझ्या बापाचा आहे का?" या लोकांवर मी आयुष्यभर चिडत आलो. कार्ल्याच्या लेण्यात कोणी भिंतीवर नाव कोरताना दिसला तर मी त्याची गचांडी धरलेली आहे. त्यामुळे अंदमानला जायचं ठरलं तेव्हा मी घरात आणि कारखान्यात सगळ्यांना ऐकवलं होतं, की आपण असले पाहुणे व्हायचं नाही.

आंबीला ज्या कारखान्यात मी आहे तिथे कामगारांचं एक ग्राहक भांडार आहे. तांदूळ, साखर, तेल तिथे मिळतं. या भांडाराच्या सभासदांची सहल निघते. कधी कोकण, कधी गोवा. या वेळी दिवाळीनंतर अंदमान. आम्ही चौदा जण होतो. भांडाराचे अध्यक्ष पोपटराव पुढारी. मोठं पोट, मोठा आवाज, मनाने वाईट नाहीत. मी कमिटीत आहे. माझी बायको सुनंदा बरोबर होती. आणि गंगाराम होता.

गंगाराम कार्ल्याच्या वरच्या डोंगरवाडीतला. भांडारात पोती उतरवण्याचं काम करायचा. इतकी वर्षं पोती वाहून त्याची पाठ गेली आहे. खाली वाकला की सरळ व्हायला त्याला हात टेकावा लागतो. भांडार सांभाळणारे काका निवृत्त होणार होते आणि किल्ली गंगारामकडे द्यायची असं कमिटीत जवळजवळ ठरलं होतं. बसून करायचं काम. ते मिळालं नसतं तर त्याला घरीच बसावं लागलं असतं, कारण पोतं आता त्याच्याने उचलवत नव्हतं. सहलीत तो आला तो चिठ्ठीत नाव निघालं म्हणून. समुद्र त्याने त्याआधी पाहिला नव्हता.

फाटक

चुनखडीच्या गुहा बाराटांग बेटावर आहेत. पोर्ट ब्लेअरहून निघालं की जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून रस्ता जातो. जंगलाच्या तोंडाशी फाटक आहे. तिथे सगळ्या गाड्या थांबवून ठेवतात आणि ठरलेल्या वेळी रांगेने, पोलिसांच्या गाडीमागून सोडतात. थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही, बाहेर काही टाकायचं नाही. फाटकाजवळ टपऱ्या आहेत. इडली, मेदुवडा आणि इतका गोड चहा की आमच्या पोपटरावांनीही अर्धा ठेवला.

गाडी जंगलात शिरली आणि माझं डोकं फिरायला सुरुवात झाली. आमच्या पुढच्या गाडीतून मोबाईल धरलेले हात बाहेर आले होते. आमच्याच गाडीत सगळे एका बाजूच्या खिडक्यांना चिकटले.

"दिसले का रे? दिसले का?" पोपटराव कुजबुजत होते. पण त्यांची कुजबुज म्हणजे आपलं बोलणं.

"पोपटराव, माणसं आहेत ती. राणीच्या बागेत नाही आलो आपण," मी म्हणालो.

"अहो, मी कुठं काय म्हणालो? बघायला काय होतं?"

गंगाराम माझ्या शेजारी डोळे मिटून बसला होता. त्याला गाडी लागली असेल असं मला वाटलं. डोळे न उघडता तो म्हणाला, "आमच्या वाडीखाली बी अशीच बस थांबायची. लेणी बघायला जानारी. आमी पोरं पळत खाली जायचो. वरनं बिस्किटं टाकायचे, मग फोटू."

"मग? तू घ्यायचास?" पोपटरावांनी विचारलं.

"घ्यायचो की. भूक व्हती."

"कसलं बिस्किट?"

"क्रीमचं," गंगाराम म्हणाला आणि गाडीत हशा झाला. तोही हसला, पण डोळे त्याने उघडले नाहीत.

वाटेत कोणी दिसलं की नाही हे मी लिहिणार नाही. मात्र सगळ्यांना दटावल्यावर मीही खिडकीबाहेर बघत होतो, हे लिहितो. जंगल संपेपर्यंत बघत होतो.

खाडी आणि भात

जंगल संपलं की खाडी लागते. तिथे बस, माणसं, सगळं एका मोठ्या बोटीवर चढतं आणि पलीकडे उतरतं. पलीकडून लहान होडी. आमच्या होडीवाल्याचं नाव बुधन. त्याचे आजोबा रांचीकडून जंगलतोडीच्या कामाला इथे आले आणि इथलेच झाले. चाळिशीचा, काळासावळा, कमी बोलणारा. त्याने सगळ्यांना तरंगायची जाकिटं घातली. पोपटरावांचं जाकीट पोटावर बसेना. बुधनने दोन्ही टोकं सुतळीने बांधली.

"गणपतीची मूर्ती बांधावी तसं बांधलं की ओ यानं," पोपटराव म्हणाले.

होडी आधी रुंद पाण्यातून भरधाव गेली आणि मग तिवरांच्या गर्दीत शिरली. दोन्ही बाजूंनी मुळं चिखलात रोवून उभी राहिलेली झाडं, वर फांद्यांची कमान आणि खाली हिरवं, न हलणारं पाणी. त्या हिरव्या कमानीखालून जाताना बायकासुद्धा बोलायच्या थांबल्या. आमच्या डोंगरातही अशा जागा होत्या. आता तिथे बंगल्यांचे पत्रे लागलेत.

फळ्यांच्या धक्क्यावर उतरून पुढे चालत जायचं. ऊन, घाम, वारा नाही. मग अचानक झाडी संपली आणि समोर भातखाचरं! बांध, पाणी, उभं पीक, सगळं आपल्या मावळासारखं. गंगाराम पाठीला हात लावून बांधावर थांबला. एक लोंबी हातात घेऊन त्याने हुंगली.

"वास न्हाई हिला," तो म्हणाला. "पन लावलीया चांगली. वळी बघा."

तिथेच त्याने तंबाखूची पुडी काढली, डबीतून चुना घेतला आणि अंगठ्याने मळायला लागला. चिमूटभर माझ्यापुढे धरून म्हणाला, "घ्या भाऊ."

"मी सोडलीय," मी मोठ्याने म्हणालो. कारण मागे सुनंदा होती.

इथे मला एक गोष्ट सांगितली पाहिजे. माझ्या गालाच्या आत पांढरा चट्टा आला आहे. डॉक्टरांनी तंबाखू बंद करायला सांगितली. मी सुनंदाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली आणि ती मोडली. खिशात चुन्याची डबी सापडेल म्हणून मी डबी ठेवत नाही. नुसती तंबाखू रुमालाच्या टोकाला बांधतो आणि चुना मिळेल तिथून घेतो. त्या दिवशीही रुमालात गाठ होती आणि सकाळपासून तोंड कोरडं होतं. गंगारामला हे माहीत होतं, म्हणून त्याने हात पुढे केला. मी त्याचा हात लोटला आणि वर चार लोकांत त्याला सुनावलं, "तूही सोड. पाहुण्यांच्या गावात पिचकाऱ्या मारायला आलो नाही आपण."

त्याने बार तोंडात टाकला आणि चालू लागला.

गुहा

कार्ल्याची लेणी माणसांनी छिन्नीने खोदली आहेत. तिथे उभं राहिलं की माणसाच्या हाताचा अभिमान वाटतो. ही गुहा पाण्याने केली आहे आणि तिथे हाताला काम नाही, हाताने एकच करायचं, आपल्याजवळ राहायचं. तोंडाशी गुहा उंच आहे, वरून थोडा उजेड येतो. मग भिंती जवळ येतात, पायाखाली ओलं होतं आणि बॅटरीशिवाय काही दिसत नाही. छतातून दगड लोंबतात. काही हत्तीच्या सोंडेएवढे, काही गव्हाच्या काडीएवढे बारीक, पोकळ. प्रत्येकाच्या टोकाला पाण्याचा एक थेंब. थेंब पडतो, पडताना चुन्याचा कण मागे ठेवतो, आणि तसा तो दगड वाढतो. कुठे पांढरा, कुठे मधासारखा. मी आजवर इतकं शांत काही पाहिलेलं नाही.

बुधनने बॅटरी भिंतीवर एका ठिकाणी धरली. छातीच्या उंचीवर सगळा पट्टा काळा पडला होता, जिन्याच्या कठड्यासारखा गुळगुळीत.

"यह हाथ का काम है," तो म्हणाला. "हाथ का तेल लगता है तो पत्थर काला हो जाता है, फिर बढ़ता नहीं. मर जाता है. इसलिए हाथ मत लगाइए. यह चूना पत्थर है."

"चुना?" पोपटराव ओरडले. आवाज गुहेत घुमला. "गंगाराम, डबी रिकामी कर रे! वर्षाचा भरून घे!"

सगळे हसले. मी चिडलो. "हसू नका! त्याने काय सांगितलं ते ऐकलं का?" मी म्हणालो. मग मी पहारेकरीच झालो. हिने हात लावला, ओरडलो. तो टेकला, ओरडलो. पोपटरावांनी एका दगडाला शंकराची पिंड ठरवून हात जोडले, पुढे हळद-कुंकू निघणार हे मला माहीत होतं, तिथेही ओरडलो. बुधन माझ्याकडे बघून मान डोलवत होता. मला फार बरं वाटत होतं.

शेवटच्या अरुंद भागात सगळे पुढे गेले. गंगाराम पाठीमुळे मागे राहिला होता आणि त्याच्याही मागे मी. अंधार होता. माझ्या शेजारच्या भिंतीला बारीक दगडांची झालर होती आणि तिच्यामागे काहीतरी मऊ, पांढरं, ओलं चकाकत होतं. चुना. पोपटरावांची थट्टा माझ्या डोक्यात शिरून बसली होती. बावन्न वर्षांच्या, तपासणी खात्यात काम करणाऱ्या, शिकलेल्या माणसाने रुमालाची गाठ सोडली, तंबाखू तळहातावर घेतली आणि अंगठ्याच्या नखाने ती भिंत खरवडली.

काचेची बांगडी फुटावी तसा आवाज झाला.

त्या झालरीतला, माझ्या करंगळीपेक्षा बारीक, वीतभर लांब दगड मनगट लागून तुटला आणि खाली पाण्यात पडला. हातातलं सगळं मी रुमालात कोंबलं, अंगठा पुसला. बॅटरीचा उजेड आला. बुधन गर्दीतून वाट काढत आला आणि त्याने त्या झालरीकडे बघितलं. तुटलेलं टोक ओलं आणि पांढरंशुभ्र दिसत होतं.

"किसने तोड़ा?"

बुधन ओरडला नाही. "मैं बचपन से देख रहा हूँ इसको," तो म्हणाला. "इतना का इतना ही था."

"गंगाराम, तू नाहीस ना रे?" पोपटराव म्हणाले. त्यांनी ते थट्टेनेच विचारलं होतं. ती थट्टा तशीच विरून गेली असती.

मी म्हणालो, "त्याचा अंगठा बघा."

उजेड गंगारामच्या हातावर गेला. अंगठ्याच्या नखात चुना होता. शेतात मळलेल्या तंबाखूचा, वाळलेला.

"मी न्हाई," गंगाराम म्हणाला. एकदाच. मग त्याने माझ्या हातातल्या रुमालाकडे बघितलं.

एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. पण मला दयाळूही व्हायचं होतं. बुधनला मी म्हणालो, "जाने दीजिए भाई. अनपढ़ आदमी है, समझा नहीं होगा." आणि गंगारामच्या खांद्यावर हात ठेवला. ज्या हाताने दगड तोडला होता तोच हात.

त्या हाताचा मला आज जितका संताप येतो तितका वलवणच्या कुंपणाला लघवी करणाऱ्या कोणाचाही कधी आला नाही.

उरलेले दिवस

गुहेबाहेर गावातल्या बायका लिंबाचं सरबत विकतात. गार, मीठ जास्त. सगळ्यांनी घेतलं. गंगाराम नको म्हणाला. होडीत कोणी त्याच्याशेजारी बसलं नाही, म्हणून शेवटी बुधन त्याच्याजवळ उभा राहिला.

पुढचे तीन दिवस आम्ही किनारे पाहिले. पाणी इतकं निळं की खोटं वाटावं. माशाचं कालवण आणि जाड तांदळाचा भात खाल्ला, नारळपाणी प्यायलो. मला त्यातलं फारसं आठवत नाही. आठवते ती थट्टा. जेवताना कोणीतरी गंगारामच्या ताटाकडे बघून म्हणायचं, "मीठ घे, चुना नको." पानाच्या दुकानापाशी पोपटराव म्हणाले, "याने तर अंदमानलाच चुना लावला!" आणि मग, थट्टा संपवून, हलक्या आवाजात मला म्हणाले, "दत्ताभाऊ, किल्लीचं परत बघावं लागेल. ज्याला दगड सोडवत नाही तो साखर कशी सोडेल?"

मी म्हणालो, "बघू."

एक शब्द. त्यात गंगारामची पाठ, त्याचं घर, सगळं आलं, आणि हे मला तो उच्चारताना कळत होतं.

परत

घरी आल्यावर सुनंदाने कपडे भिजवायला घेतले. मी पडवीत होतो. ती रुमाल घेऊन बाहेर आली. तंबाखू बघून रडेल असं मला वाटलं. तिने रुमालातली पांढरी चिमूट बोटांत चोळली.

"चुना मऊ असतो," ती म्हणाली. "हे खरखरतंय."

मी रुमालाकडे हात नेला, तिने तो मागे घेतला.

"शपथ माझी मोडलीत, ते माझं मी बघेन. पण त्या माणसाच्या अंगठ्यावर उजेड पाडलात तुम्ही. मी तिथे होते. मला वाटलं, माझा नवरा किती समजूतदार." रुमाल तिने माझ्या मांडीवर ठेवला. "धुणार नाही मी हा."

दुसऱ्या दिवशी मी डोंगरवाडीत गेलो. खळ्यावर झोडणी चालू होती. गंगाराम पेंढ्यांजवळ बसून होता, त्याची बायको झोडत होती. मला बघून तिने पाणी आणलं. इतक्या वर्षांत मी त्या घरी पहिल्यांदा गेलो होतो.

"गंगाराम, तो दगड मी तोडला," मी म्हणालो.

"म्हाईत हाय."

"कधीपासून?"

"तवापासनंच. माझ्या अंगठ्याचा सुका व्हता, भाऊ. तुमच्या रुमालाला ओला." त्याने खिशातून डबी काढली आणि उघडून दाखवली. "ही भरलेली व्हती. शेतात सगळ्यांनी बगितली. मला दगडाचा चुना कशाला लागंल? योका जनानं बी इचारलं न्हाई."

"मग तू बोलला का नाहीस?"

"बोललो की. मी न्हाई म्हनलो. अजून काय बोलायचं असतं?"

मी हात जोडले. माफी मागायला लागलो. त्याची बायको झोडायची थांबली होती.

"हितं नका सांगू," गंगाराम म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. "हितं हिला आन मला ठावं हाय. जितं माझा अंगठा दावला तितं तुमचा दावा. जावा आता, ऊन व्हतंय."

भांडार

कमिटीची बैठक भांडाराच्या मागच्या खोलीत होते, साखरेच्या पोत्यांमध्ये. गंगारामला बाहेर बसवलं होतं. किल्लीचा विषय निघाला आणि मी उभा राहिलो. गुहेतला दगड मी तोडला, तंबाखूला चुना हवा म्हणून भिंत खरवडली, गंगारामवर खोटा आळ घातला, असं सरळ सांगितलं.

पोपटराव हसले.

"दत्ताभाऊ, मन मोठं आहे तुमचं. पण त्या गड्याला वाचवायला स्वतःवर ओढून घेऊ नका."

"मी ओढून घेत नाही. मी केलंय."

"अहो, तुम्ही? अख्ख्या गुहेत तुम्हीच तेवढे ओरडत होता, हात लावू नका, हात लावू नका! बसा, बसा."

बाकीच्यांनी माना डोलवल्या. एक जण तर म्हणाला, "अशी माणसं राहिली नाहीत आता." मी खरं बोलत होतो आणि लोक माझा मोठेपणा वाढवत होते. गंगाराम खरं बोलला तेव्हा याच लोकांनी उजेड त्याच्या अंगठ्यावर धरला होता. माझ्या अंगाची लाही झाली. मी रुमाल काढला, टेबलावर उलगडला.

"पोपटराव, तंबाखू काढा. यातला चुना घ्या आणि मळा."

"काय पोरखेळ..."

"मळा म्हणतो ना!"

त्यांनी मळली. अंगठा फिरला तसा खरखर आवाज पोत्यांपर्यंत ऐकू आला. त्यांनी चिमूट ओठात ठेवली आणि लगेच थुंकली.

"रेती आहे ही!" मग त्यांनी रुमालाकडे बघितलं. कोपऱ्यात माझ्या नावाचं अक्षर सुनंदाने लाल दोऱ्याने भरलेलं आहे. मग माझ्याकडे. आणि मग ते म्हणाले, "तुम्ही तंबाखू खाता?"

एवढंच विचारलं त्यांनी. दगडाचं नाही, गंगारामचं नाही. मी दार उघडलं आणि गंगारामला आत बोलावलं. त्याच्यासमोर सगळं पुन्हा एकदा सांगितलं. तो पोत्याला पाठ टेकून उभा होता. पोपटरावांनी किल्ली त्याच्या हातात दिली तेव्हा त्याने ती घेतली, कोणाला नमस्कार केला नाही आणि बाहेर जाऊन आपल्या खुर्चीवर बसला.

गुहेला मात्र यातलं काही परत मिळालं नाही. तिथल्या तुटक्या टोकावर थेंब जमत असेल, पडत असेल. बुधन पाहुण्यांना तिथे थांबवून काय सांगत असेल ते मला ऐकायचं नाही. तुम्ही जाल तेव्हा ऐका.

मी दर महिन्याला भांडारात जातो. रांग असते. गंगाराम सगळ्यांना माल देतो, वहीत सही घेतो. माझा नंबर आला की पिशवी काउंटरवर ठेवून तो हात मागे घेतो.

"भाऊ, आदी अंगठा दावा."

पहिल्यांदा लोक हसले होते. आता कोणी हसत नाही, तोही नाही. मी उजवा हात पुढे करतो. तो नख नीट बघतो.

"दुसरा बी," तो म्हणतो.